दुखणाइत कुत्र्याची विश्रांति

मनुष्यावर शस्त्रक्रिया झाली म्हणजे डॉक्टर त्याला चार गोष्टी समजावून सांगतात. टांके ओले आहेत, जिना चढूं नका, जड उचलूं नका, इतके दिवस पडून रहा, असें सांगितलें कीं शहाणा रोगी तें ऐकतो आणि आडमुठा रोगीहि निदान वेदनेच्या भयानें ऐकतो. कुत्र्याच्या बाबतींत ही सोय नाहीं. एक वर्षाचें, अंगानें भरलेलें, सकाळीं मैदानांत अर्धा तास धांवल्याखेरीज ज्याला चैन पडत नाहीं असें लॅब्रॅडॉर जातीचें कुत्रें दवाखान्यांतून घरीं येतें, तेव्हां आपल्यावर शस्त्रक्रिया झाली हें त्याला ठाऊकच नसतें. उपाशी पोटीं मोटारींतून कोठें तरी जाणें झालें, तेथें झोंप लागली, आणि जाग आली तों पोटाला किंवा पायाला कांहीं तरी टोंचत होतें, एवढाच त्याच्या लेखीं घडलेला प्रकार. तें टोंचणें थांबलें कीं त्याच्या दृष्टीनें दुखणेंहि संपलें.

पहिला दिवस सोपा जातो. भुलेची गुंगी पुरती उतरलेली नसते. कुत्रें कण्हतें, अडखळतें, कोंपऱ्यांत पडून राहतें, आणि सर्वांचें मन त्याच्यासाठीं कळवळतें. दुसऱ्या दिवशीं तें थोडें खातें. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं सकाळीं दूधवाल्यानें घंटी वाजवितांच तें उठून दाराकडे झेंप घेतें, आणि घरांतील माणसें आनंदानें म्हणतात, “चला, बरा झाला एकदांचा!” वस्तुतः बरें झालेलें फारसें कांहीं नसतें. दाह व वेदना शमविणाऱ्या औषधांचा तो गुण असतो. ज्या दिवसापासून कुत्रें बरें दिसूं लागतें त्याच दिवसापासून त्याला सर्वांत अधिक जपावें लागतें. पशुवैद्य हें निघतेवेळीं सांगतात खरे, पण त्या वेळीं गुंगींतल्या कुत्र्याकडे पाहून कोणाचाच त्यावर विश्वास बसत नाहीं.

कातडी शिवली म्हणजे ती जोडली गेली असें नव्हे. टांका हा दोन कडा जवळ धरून ठेवणारा दोरा होय. जोडण्याचें काम शरीरानें स्वतः करावयाचें असतें, आणि तें तें आपल्या गतीनेंच करतें. पहिले कांहीं दिवस जखमेची साफसफाई चालते. मग नवे तंतु विणले जाऊं लागतात. वरचे टांके साधारणतः दहाव्या ते चौदाव्या दिवशीं काढतात, त्यामुळें चौदाव्या दिवशीं काम फत्ते झालें असा समज होतो. परंतु तीन आठवडे लोटले तरी नव्या जोडाचें बळ मूळच्या सुमारें पंचमांशच असतें. कुत्रीचें गर्भाशय व अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया आतां शहरांतून सर्रास होते. तींत पोटाच्या मध्यरेषेवर छेद घेऊन आंतला थर निराळा व कातडी निराळी शिवलेली असते. कुत्रीनें पलंगावर उडी मारली कीं सगळा ताण त्या आंतल्या थरावर येतो. बाहेरून कातडी शाबूत दिसते, पण आंतली शिवण उसवून आंतडें कातडीखालीं येऊं शकतें. आणि मग तीच शस्त्रक्रिया, तीच भूल, घाईघाईनें आणि अधिक धोक्यानें, पुन्हां करावी लागते. एवढें न झालें तरी दोन थर एकमेकांवर घासत राहिल्यामुळें मधल्या पोकळींत पाणी सांठून पिशवीसारखी सूज येणें हें तर नित्याचेंच.

हाडाची गोष्ट याहून नाजूक. मोटरसायकलचा धक्का लागून किंवा गॅलरींतून पडून मांडीचें हाड मोडलें, तर मोडलेलीं टोकें जुळवून त्यांवर पुष्कळदां पोलादाची पट्टी स्क्रूंनीं बसवितात. ही पट्टी जन्मभर भार वाहण्यासाठीं नसते. हाड जुळेपर्यंतचा तो उसना आधार. लोखंडी तार हातांत घेऊन एकाच ठिकाणीं पुन्हां पुन्हां वांकविली तर ती अखेर तुटते. तोच नियम या पट्टीलाहि लागू आहे. हाड अगोदर जुळतें कीं पट्टी अगोदर थकते अशी ही शर्यत असते, आणि कुत्र्याची प्रत्येक उडी पट्टीला थोडी थोडी थकवीत असते. तरुण जनावराचें हाड लवकर जुळतें ही जमेची बाजू. तरीहि बहुधा सहा ते आठ आठवड्यांनीं क्ष-किरणांचें चित्र काढून पाहिल्यावांचून पशुवैद्य मोकळीक देत नाहींत. गुडघ्याच्या आंतला बंध तुटला असतां करावयाची एक शस्त्रक्रिया अमेरिकेंतील पशुवैद्य बार्क्ले स्लोकम यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केली. तींत तर नडगीचें चांगलें हाड मुद्दाम कापून, त्याचा माथा थोडा फिरवून, पुन्हां पट्टीनें जखडतात. लॅब्रॅडॉरसारख्या जड कुत्र्यांत हा बंध बऱ्याच वेळां तुटतो. म्हणजे स्वस्थ बसणें ज्या जातीला सर्वांत जड, तिच्याच वाट्याला हा दोन महिन्यांचा वनवास येतो.

मुंबईंत पशुवैद्यकाचें महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. त्या काळीं वैद्याची चिंता प्रामुख्यानें घोड्याबैलांची असे, आणि घोड्याला ठाणावर बांधला कीं विश्रांतीचा प्रश्न बव्हंशीं मिटे. वाड्यांतील कुत्रेंहि दिंडीदरवाजापाशीं साखळीला असे. आजचें ब्लॉकांतील कुत्रें माणसांच्या पायांत वाढलेलें असतें. कोचावर झोपण्याचा, दिवाणावरून खिडकींत चढण्याचा आणि बाहेरून आलेल्या प्रत्येकाच्या छातीवर पाय ठेवण्याचा त्याचा हक्क घरानें मान्य केलेला असतो. त्याला अकस्मात् आंतल्या खोलींत कोंडलें तर तें स्वस्थ तर बसत नाहींच, उलट दार खरवडून, भुंकून, उड्या मारून बाहेरच्यापेक्षां अधिक श्रम करून घेतें. विश्रांति आणि कोंडणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें ध्यानांत न आल्यामुळें पुष्कळ घरांतून चौथ्या-पांचव्या दिवशीं सगळेंच बारगळतें.

जागा लहान असावी, पण एकांताची नसावी. तारेचा पिंजरा हा शब्द कानाला बरा लागत नाहीं, तथापि त्याहून सोयीची वस्तु दुसरी नाहीं. कुत्र्याला आंत ताठ उभें राहतां यावें, वळतां यावें, पाय ताणून निजतां यावें. धांवतां किंवा उडी घेतां येऊं नये, एवढेंच त्याचें माप. तो घरांतील मंडळी जेथें बसतात तेथें ठेवावा, रस्त्यावरच्या खिडकीपासून आणि मुख्य दारापासून मात्र दूर. शस्त्रक्रियेची तारीख आधीं ठरलेली असेल तर दोन आठवडे अगोदरच पिंजरा आणून दार उघडें टाकून ठेवावें आणि रोजचें जेवण आंतच द्यावें. असें केलें म्हणजे शस्त्रक्रियेनंतर कुत्रें त्याला तुरुंग न मानतां आपली खोली मानतें. अपघात कांहीं तारीख देऊन येत नाहीं हें खरें; तेव्हां ज्यांच्या घरीं पिलूं आहे त्यांनीं ही संवय त्याला लहानपणींच लावून ठेवणें शहाणपणाचें.

आमच्याकडील घरांची एक अडचण पाश्चात्य पुस्तकांत फारशी आढळत नाहीं. ती म्हणजे फरशी. गुळगुळीत टाइलवर निरोगी कुत्र्याचाहि पाय घसरतो. तीन पायांवर तोल सांवरणारें कुत्रें तर हमखास पडतें. पिंजऱ्यापासून दारापर्यंत जाड सतरंजी, काथ्याची चटई किंवा रबराचें पायपुसणें, जें घरांत असेल तें, सलग अंथरावें. जिन्याचा प्रश्न याहून अवघड. लिफ्ट असेल तर ठीक. नसेल आणि बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर असेल तर तीस किलोचें कुत्रें दिवसांतून चार वेळां उचलून नेणें हें एकट्या माणसाचें काम नव्हे. पोटाखालून जाड टॉवेलाची झोळी घालून मागचा भार उचलीत, पायरी पायरीनें उतरवितां येतें. पण अशा बिऱ्हाडांत पहिले दिवस गच्चींत किंवा न्हाणीघरांत वर्तमानपत्रें अंथरून भागवितां येईल का, हें आधींच पाहावें. खालीं नेलें तर लहान दोरीनें न्यावें आणि विधि उरकतांच परत आणावें. वाटेल तशी लांब सुटणारी दोरी या दिवसांत खुंटीवरच बरी. गल्लींतल्या भटक्या कुत्र्यांचे पहारे ज्यांना ठाऊक आहेत ते वेळहि तशीच निवडतील.

गळ्याभोंवतीं बसविण्याची प्लास्टिकची शंकूसारखी कॉलर घरांत अप्रिय असते. ग्रामोफोनच्या कर्ण्यांत तोंड अडकल्यासारखें कुत्रें भिंतींवर, दारांवर, माणसांच्या पोटऱ्यांवर आपटत फिरतें, आणि आजी कळवळून म्हणतात, “काढा रे तें, घटकाभर मोकळें बसूं द्या.” त्या घटकेंतच घोटाळा होतो. कुत्र्याच्या लाळेंत जखम बरी करण्याचा गुण आहे ही समजूत जुनी आहे. पण खरबरीत जिभेनें आणि पुढच्या दातांनीं टांक्यांची ओळ उकलण्यास थोडींच मिनिटें पुरतात, आणि तोंडांतले जंतु जखमेंत जातात ते निराळेच. आपल्या हवेंत, विशेषतः पावसाळ्यांत, ओल्या जखमेवर माशी बसून अळ्या पडण्याचें भय आणखी. म्हणून कॉलर रात्रंदिवस ठेवावी. जेवतांना काढली तर जेवण संपेपर्यंत समोरून हलूं नये. दोन-तीन दिवसांत कुत्रें तिला सरावतें. माणसेंच उशिरां सरावतात.

हें सर्व केलें तरी मुख्य प्रश्न उरतोच. तरुण कुत्र्याच्या अंगांत जो जोर आहे तो जाईल कोठें? पायांना सुट्टी दिली म्हणजे डोक्यालाहि सुट्टी मिळते असें नाहीं. काम काढून घेतलें तर बदली काम द्यावें लागतें, आणि कुत्र्याजवळ पायांखेरीज दोन मोठीं हत्यारें असतात: नाक आणि जबडा. वाटींत ओतलेलें जेवण कुत्रें दोन मिनिटांत संपवितें आणि मग उरलेला दिवस त्याला खायला उठतो. तेंच जेवण जुन्या टॉवेलाच्या घड्यांत दडवून, टॉवेल गुंडाळून समोर ठेवला कीं वीस मिनिटें नुसतें हुंगण्यांत आणि उलगडण्यांत जातात, आणि तीं पडल्या पडल्या जातात. मऊ भात व शिजविलेली कोंबडी रबराच्या पोकळ खेळण्यांत दाबून भरून गोठवावी. तें चाटण्यांत अर्धा तास सहज निघतो. या खेळण्याची जन्मकथा गमतीची आहे. अमेरिकेंतील जो मार्कहॅम या गृहस्थाचें कुत्रें दगड चावून चावून दांत झिजवी. एकदां तो आपली फोल्क्सवॅगन गाडी दुरुस्त करीत असतां गाडीचा एक रबरी तुकडा कुत्र्याच्या हातीं लागला, आणि दगड सुटले. त्याच आकाराचें खेळणें पुढें जगभर गेलें. आपल्याकडे तें मिळत नसेल तेथें टॉवेल आणि खोक्याचा पुठ्ठा उत्तम काम देतात. पुठ्ठा गिळण्याची खोड असलेल्या कुत्र्याला मात्र टॉवेलच बरा, आणि तोहि डोळ्यांसमोर. खाण्यांत द्राक्षें, मनुका, कांदा किंवा चॉकलेट कदापि नसावें. हीं कुत्र्याला विषारी आहेत. आणि फिरणें बंद असतां पूर्वीइतकेंच जेवण दिलें तर वजन वाढून दुखऱ्या पायावरच भार पडतो, म्हणून हा सगळा खाऊ रोजच्या वाट्यांतूनच काढावा.

हुंगण्याला क्षुल्लक लेखूं नये. शार्लट ड्युरॅन्टन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या दोघी संशोधिकांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत वीस पाळीव कुत्र्यांचे दोन गट केले होते. एका गटाला दोन आठवडे वासानें खाऊ शोधण्याचा सराव दिला, दुसऱ्याला मालकाच्या पायाशीं चालण्याचा. मग प्रत्येकापुढें अशा जागीं भांडें ठेवलें कीं त्यांत खाऊ असेल किंवा नसेलहि. हुंगणाऱ्या गटांतील कुत्रीं प्रयोगानंतर त्या संशयाच्या भांड्याकडे पूर्वीपेक्षां लवकर गेलीं; दुसऱ्या गटांत तसा फरक पडला नाहीं. हीं कुत्रीं निरोगी होतीं, दुखणाइत नव्हेत. पण नाकाला काम मिळालें कीं कुत्र्याचें मन आशावादी होतें, एवढा बोध त्यांतून घेण्यास हरकत नाहीं. पिंजऱ्यांतल्या कुत्र्याला बागेंतलें एक वाळलें पान, गवताची मूठ, बाजारांतून आलेली रिकामी पिशवी एवढें हुंगायला दिलें तरी तें पांच-दहा मिनिटें त्यांत रमतें. घराबाहेर न जातां त्याला गांवची बातमी कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वस्थ बसण्याचें शिक्षण. कॅरेन ओव्हरऑल या पशुवैद्य बाईंनीं त्यासाठीं पंधरा दिवसांचा एक पाठ आंखून दिला आहे. कुत्र्याला चटईवर बसवावें आणि पांच सेकंद स्वस्थ राहिल्याबद्दल एक कण खाऊ द्यावा. मग माणसानें एक पाऊल मागें जावें, परत यावें, खाऊ द्यावा. पुढें टाळी वाजवावी, खोलींतून बाहेर जाऊन यावें, दाराची घंटी वाजवावी, आणि प्रत्येक वेळीं कुत्रें शांत राहिलें तरच कण द्यावा. वाचतांना हें पोरखेळासारखें वाटतें. पण त्यांतली मेख अशी कीं, बक्षीस उठून करामत करण्याबद्दल नाहीं, कांहींच न करण्याबद्दल आहे. एरवीं कुत्रें शांत पडलेलें असलें कीं घरांत त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं आणि धिंगाणा घातला कीं सर्वजण धांवून येतात. म्हणजे नकळत धिंगाण्यालाच बक्षीस मिळत असतें. ओरडण्याचाहि उपयोग नाहीं. मोठा आवाज ऐकून तरुण कुत्र्याला माणूसहि आपल्याबरोबर भुंकतो आहे असेंच वाटत असावें. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याला वारंवार उठबस मात्र करवूं नये. पडल्या पडल्याच हे पाठ घ्यावे.

संध्याकाळची वेळ कठीण. दिवे लागणीच्या सुमारास तरुण कुत्र्याच्या अंगांत वारें शिरतें, आणि त्याच वेळीं कचेरींतून मंडळी परत येतात, शेजारचीं मुलें खेळायला येतात. टॉवेलाची गुंडाळी किंवा गोठविलेलें खेळणें नेमकें या घटकेसाठीं राखून ठेवावें. येणाऱ्यानें सरळ आंत जाऊन हातपाय धुवावे आणि कुत्रें निवल्यावर मग त्याच्याशीं बोलावें. हें क्रूर वाटतें, पण आठ आठवड्यांचा प्रश्न आहे. घंटी काढून ठेवून दारावर चिठ्ठी लावणारीं घरें आहेत, आणि त्यांचें बरोबर आहे. मुलांना नुसतें “जवळ जाऊं नको” म्हणण्यापेक्षां टॉवेल भरण्याचें काम नेमून द्यावें. शस्त्रक्रिया पुढें ढकलण्यासारखी असेल तर गणपति किंवा दिवाळी टाळून दिवस घ्यावा. फटाक्यांच्या आवाजानें बिथरलेलें कुत्रें कोणतीहि शिस्त पाळत नाहीं.

इतकें करूनहि कांहीं कुत्रीं बधत नाहींत. त्यांच्यासाठीं मन शांत करणारीं औषधें आहेत, आणि तीं मागण्यांत कमीपणा नाहीं. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठांतील मंडळींनीं २०१४ सालीं शस्त्रक्रिया झालेल्या ३६ कुत्र्यांना ट्रॅझोडोन हें औषध देऊन पाहिलें; बहुतेक मालकांनीं गुण आल्याचें सांगितलें. पुढें त्याच संशोधकांनीं कांहीं कुत्र्यांना खरें औषध व कांहींना नुसती पोकळ गोळी देऊन तुलना केली, तेव्हां २०१७ सालच्या त्या निबंधांत दोन्ही गटांत स्पष्ट फरक दिसला नाहीं. औषध निरुपयोगी आहे असा याचा अर्थ घेऊं नये. पशुवैद्य तें आजहि देतात आणि पुष्कळांना तें उपयोगी पडतें. परंतु पिंजरा, नियमित वेळा आणि घरच्यांचें लक्ष यांचा वांटा त्या गुणांत केवढा असतो, हें त्यावरून दिसतें. माणसांच्या औषधांच्या डब्याला मात्र हात लावूं नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनीं कुत्र्याच्या पोटांत व्रण होतात आणि मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात; पॅरासिटॅमॉलचेंहि माप चुकलें तर यकृतावर येतें. जखमेंतून पाणी किंवा पू येणें, कडा उघडणें, हिरड्या पांढऱ्या पडणें, टेकूं लागलेला पाय पुन्हां उचलून धरणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर सकाळची वाट न पाहतां पशुवैद्याला कळवावें.

हाडाच्या शस्त्रक्रियेंत अखंड पडून राहणेंहि बरें नव्हे; स्नायु वाळतात, सांधा आंखडतो. पशुवैद्यानें परवानगी दिल्यावर रोज थोडें चालवावें लागतें, आणि तें चालणें औषधासारखें मोजून द्यावयाचें असतें. पांच मिनिटें, सपाट रस्ता, लहान दोरी, आणि चाल शक्य तितकी संथ. संथपणाला कारण आहे. भरभर जाऊं दिलेलें कुत्रें दुखरा पाय उचलून तीन पायांवर पळतें. सावकाश चालविलें तर प्रत्येक पावलाला तो पाय जमिनीवर टेकणें त्याला भाग पडतें. आठवड्या-आठवड्याला थोडीं मिनिटें वाढवावीं. वाढवून दुसऱ्या दिवशीं लंगडणें वाढलेलें दिसलें तर पुन्हां मागच्या मापावर यावें.

शेवटीं क्ष-किरणांच्या चित्रांत हाड जुळलेलें दिसतें आणि पशुवैद्य मोकळीक देतात. त्या दिवशीं संध्याकाळीं कुत्र्याला मैदानावर नेऊन दोरी सोडण्याचा मोह प्रत्येक घराला होतो. हाड तयार असलें तरी दोन महिने बसून राहिलेले स्नायु तयार नसतात. आधीं कांहीं दिवस लांब दोरीवर, मऊ जमिनीवर, दुसरें कुत्रें जवळ नसतांना फिरवावें. चेंडू तर आणखी महिनाभर कपाटांतच राहूं द्यावा, आणि तोहि अशा कपाटांत, कीं ज्याचें दार कुत्र्याला नाकानें उघडतां येत नाहीं.